प्रति : बी.एड.ला संगणकाचा आणखी एक पेपर हवा का?

वर एकांनी सुचवलंय की बी.एड.ला संगणकाचा आणखी एक पेपर ठेवावा. मला नाही पटत. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात हा विषय आहेच. स्लाइड्स सगळेच झकास करतात, अडतं ते वर्गात.

मी सोलापुरात पूर्व भागातल्या शाळेत शिकवते. आमच्याकडे बी.एड.चे विद्यार्थी, म्हणजे छात्राध्यापक, सराव पाठाला येतात. गेल्या वर्षी एकीनं जलचक्राचा व्हिडिओ आणला. प्रोजेक्टर जोडेस्तोवर बारा मिनिटं गेली, आणि मग लाइटच गेली! ३५ मिनिटांच्या तासात उरलं काय? पाठ टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, पाच पानी, पण साधन बंद पडलं तर काय, याची एक ओळ नाही.

तीच मुलगी पुढच्या आठवड्यात नुसता मोबाइल घेऊन आली. आमच्या बऱ्याच पोरांच्या घरी तेलुगू. तिनं एकेकाचं वाचन रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवलं. एक पठ्ठ्या ओरडला, "बाई, मी भाकरीला बाकरी म्हणलो की!" मी वर्षभर तेच सांगत होते, म्हणा.

आपल्याच जिल्ह्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेत डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला. आता कोड बालभारतीच्या पुस्तकांतच असतात. पण स्कॅन केल्यावर त्यातलं काय दाखवायचं, काय गाळायचं, याचा सराव कुठं होतो? पेपर वाढवण्यापेक्षा दहातले दोन सराव पाठ मुद्दाम लाइट बंद ठेवून घ्यायला लावा.