डोळ्यांच्या दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून काम करताना आधी काय पक्के करावे?

प्रश्न : स्नेहलतागंजकर

सर्वांना नमस्कार. नेत्रतपासणीचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण करून मी नुकतीच इंदूरमधल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले आहे. डॉक्टरांनी रुग्णाला पाहण्यापूर्वीची सर्व कामे, म्हणजे तक्रार विचारून लिहिणे, दृष्टी तपासणे, नंबर काढणे, डोळ्यांचा दाब मोजणे आणि थेंब घालणे, आम्हा तिघींकडे असतात. शहरातल्या रुग्णांखेरीज धार, झाबुआ, खरगोन, बडवानी इकडूनही बरेच लोक येतात आणि सकाळी गर्दी इतकी होते की बाकावर जागा उरत नाही.

गर्दी लवकर पुढे सरकावी म्हणून आमच्याकडे रुग्ण आला की त्याला थेट ऑटोरिफ्रॅक्टोमीटरसमोर (नंबर आपोआप काढणाऱ्या यंत्रासमोर) बसवतात, लगेच बाहुली मोठी करण्याचे थेंब घालतात आणि दृष्टीची नोंद मागाहून सवडीने करतात. अभ्यासक्रमात मला वेगळा क्रम शिकवला होता, परंतु तो तसाच का, हे नीट समजावून सांगता न आल्यामुळे मला सहकाऱ्यांपुढे गप्प बसावे लागते. जाणकारांनी कृपया क्रम आणि त्यामागची कारणे सांगावीत. नव्या तंत्रज्ञाने कोणत्या गोष्टी सर्वांत आधी हातात बसवाव्यात, हेही कळले तर बरे होईल.

उत्तर १ : जुनी नेत्रसहायक

ताई, तुम्हाला शिकवलेला क्रमच बरोबर आहे आणि त्याचे कारण थोडक्यात सांगता येते: डोळ्याची प्रत्येक तपासणी पुढच्या एखाद्या तपासणीत बदल घडवून आणते. म्हणून जी तपासणी डोळ्याला काहीच करत नाही ती आधी आणि जी डोळ्याला सर्वांत जास्त बदलते ती शेवटी, असे ठरवले की बाकीचा क्रम आपोआप लागतो.

दृष्टीची नोंद सर्वांत पहिली. थेंब घातल्यावर बाहुली मोठी होते, जवळचे दिसेनासे होते, उजेडाने डोळे दिपतात, आणि मग जी दृष्टी लिहिली जाते ती रुग्णाची नसते, औषधाची असते. तीव्र उजेड टाकून पाहिल्यावर लगेच दृष्टी घेतली तरीही हीच गत होते. उपचारापूर्वी किती दिसत होते याचा कागदोपत्री पुरावा ही एकच नोंद देते, आणि ती चुकली तर पुढे डॉक्टरांना उपचाराचा गुण आला की नाही हे ठरवता येत नाही.

तक्ता हर्मान स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञांनी १८६२ साली मांडलेल्या तत्त्वावरच आजही चालतो. ६/६ ओळीतले अक्षर ६ मीटरवरून डोळ्याशी ५ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करते, त्यामुळे अंतर मोजलेले असलेच पाहिजे. खोली लहान असेल तर ३ मीटरवर आरसा लावावा, पण अंदाजाने खुर्ची पुढे-मागे सरकवू नये. उजवा डोळा आधी, मग डावा, असा क्रम कायम ठेवावा म्हणजे नोंदीत अदलाबदल होत नाही. दुसरा डोळा रुग्णाच्या तळहाताने झाकावा आणि तो दाबला जात नाही ना, बोटांच्या फटीतून पाहिले जात नाही ना, याकडे लक्ष ठेवावे. मुले हमखास फटीतून पाहतात. चष्म्याविना आणि चष्म्यासह अशा दोन्ही नोंदी घ्याव्यात. सर्वांत मोठे अक्षरही दिसत नसेल तर रुग्णाला तक्त्याच्या जवळ न्यावे, नंतर बोटे मोजायला लावावीत, तेही जमत नसेल तर हाताची हालचाल आणि शेवटी उजेडाची जाणीव पाहावी. उजेड जाणवत असेल तर तो चारही दिशांनी टाकून कोणत्या बाजूने येतो हे रुग्णाला विचारावे, कारण पिकलेल्या मोतीबिंदूमागचा पडदा काम करतो आहे का, याचा पहिला अंदाज तिथूनच येतो.

आपल्याकडे झाबुआ-बडवानीहून येणाऱ्या अनेक वृद्धांना अक्षरे वाचता येत नाहीत आणि ते संकोचाने तसे सांगतही नाहीत. त्यांची दृष्टी ६/६०, म्हणजे फक्त सर्वांत मोठे अक्षर दिसण्याइतकी, लिहिली जाते आणि प्रत्यक्षात ती कितीतरी चांगली असते. त्यांच्यासाठी चारही दिशांना वळलेल्या ई अक्षराचा तक्ता वापरावा आणि बोटांनी दिशा कशी दाखवायची हे आधी जवळून करून दाखवावे. भाषा निमाडी असो वा भिली, हा तक्ता चालतो.

दृष्टी ६/६ पेक्षा कमी आली की पिनहोल (बारीक छिद्र असलेली चकती) लावलाच पाहिजे. छिद्रातून पाहिल्यावर दृष्टी सुधारली तर दोष बहुधा नंबराचा असतो. सुधारली नाही तर भिंग, पडदा किंवा नस यांपैकी कुठेतरी आजार असण्याची शक्यता धरावी लागते. अर्ध्या मिनिटाचे हे काम आहे आणि डॉक्टरांना त्यातून फार काही कळते.

दृष्टीनंतर टॉर्चने बाहुल्या पाहाव्यात: दोन्ही सारख्या आहेत का आणि उजेड एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेताना दोन्ही सारख्याच आकुंचन पावतात का. नसेच्या आजाराची ही खूण थेंब घातल्यावर त्या दिवसापुरती पुसली जाते. टॉर्च कानशिलाच्या बाजूने आडवी धरून बुबुळाचा नाकाकडचा भाग सावलीत जातो का हेही पाहावे. तो सावलीत गेला तर डोळ्याची पुढची पोकळी उथळ आहे असे समजावे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब घालू नयेत, कारण अशा डोळ्यात बाहुली मोठी झाल्यावर डोळ्यातले पाणी बाहेर जाण्याचा कोन बंद होऊन काचबिंदूचा तीव्र झटका येऊ शकतो. तुमच्या सहकाऱ्यांना पटवण्यासाठी हे एक कारण पुरेसे व्हावे.

ऑटोरिफ्रॅक्टोमीटर वाईट नाही, मात्र त्याचा आकडा ही नंबर काढण्याची सुरुवात आहे, शेवट नाही. मुले यंत्रात पाहताना डोळ्यावर ताण देतात आणि वजा नंबर खऱ्यापेक्षा जास्त येतो. म्हणून रेटिनोस्कोपी (डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवून हाताने नंबर काढणे) शिकण्यासाठी वेळ काढाच.

दाब मोजायचा तो बाहुली मोठी करण्यापूर्वी. सर्वसाधारण दाब १० ते २१ मिलिमीटर पारा मानतात. गोल्डमन टोनोमीटर या बुबुळाला टेकवून दाब मोजण्याच्या यंत्रावर निळ्या उजेडात दिसणाऱ्या दोन अर्धवर्तुळांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकल्या की ड्रमवरचा आकडा दहाने गुणायचा. त्यासाठी डोळ्यात घातलेला फ्लुरेसिन हा रंग जास्त झाला आणि वर्तुळे जाड दिसली तर दाब खऱ्यापेक्षा जास्त येतो, फार बारीक दिसली तर कमी. रुग्णाने श्वास रोखला, गळ्याशी सदऱ्याचे बटण घट्ट असले किंवा पापणी धरताना आपल्या बोटाचा भार डोळ्यावर पडला, तरीही आकडा वाढतो. जास्त दाब आला की आधी या गोष्टी तपासाव्यात, मग पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकडे वेळेसह लिहावेत.

स्नेहलतागंजकर

आपले मनापासून आभार. थेंबांविषयी थोडे अधिक सांगाल का? आणि रांगेतल्या कोणत्या रुग्णासाठी हा सारा क्रम बाजूला ठेवावा, हे कसे ओळखावे?

उत्तर २ : पलासियाचा नेत्रचिकित्सक

क्रमाविषयी वर जे लिहिले आहे ते मला पूर्ण मान्य आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण इथे उशीर झाला तर डोळा जातो.

चुना, आम्ल किंवा इतर कोणतेही रसायन डोळ्यात गेलेला रुग्ण आला की नाव लिहिण्यापूर्वी, दृष्टी घेण्यापूर्वी डोळा धुवायला सुरुवात करावी. तंबाखूबरोबरच्या चुन्याची पुडी लहान मुलांच्या डोळ्यात फुटते, असे प्रसंग आपल्या भागात घडत असतात. चुना अल्कली असल्यामुळे तो आत आत शिरत जातो, म्हणून सलाईन किंवा रिंगर लॅक्टेटने निदान अर्धा तास धुवावे, ते हाताशी नसेल तर स्वच्छ पाण्याने धुवावे, आणि पापणी उलटून तिच्याखाली अडकलेले कण काढावेत. हे चालू असतानाच कुणीतरी डॉक्टरांना बोलवावे. रंगपंचमीच्या गेरीनंतर (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीनंतर) रंग डोळ्यात गेलेले जे लोक येतात त्यांनाही हीच पद्धत लागू आहे. रंगात काय मिसळले होते हे कुणालाच ठाऊक नसते.

याच्या अगदी उलट, डोळा फाटल्याची किंवा आत काही घुसल्याची शंका असेल तर धुवू नये, दाब मोजू नये, थेंब घालू नयेत, पापणी ताणू नये. वर फक्त कडक शील्ड (डोळ्याला न टेकणारे संरक्षक झाकण) लावून रुग्णाला आत पाठवावे. अचानक गेलेली दृष्टी, विजा चमकल्यासारखे दिसून पुढे पडदा आल्याची तक्रार, दिव्याभोवती रंगीत वलये, डोकेदुखी आणि उलटीसह लाल झालेला डोळा, तसेच शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच वाढलेली वेदना आणि कमी झालेली दृष्टी, हे रुग्ण बाकावर बसून राहता कामा नयेत. यातले बरेच जण शांत बसतात, तक्रार करत नाहीत. त्यांना शोधणे तुमचे काम आहे आणि त्यासाठी सकाळी एकदा रांगेवरून फिरून प्रत्येकाला 'काय होतंय आणि कधीपासून' एवढे विचारावे.

गहू किंवा सोयाबीनच्या हंगामात लाल डोळा घेऊन आलेल्या शेतकऱ्याला दोन प्रश्न विसरू नका: काडी, कुसळ किंवा पाने लागली का, आणि औषधाच्या दुकानातून कोणते थेंब आणून घातले. वनस्पतीच्या जखमेनंतर बुबुळावर बुरशीचा व्रण होऊ शकतो आणि त्यावर स्टेरॉइडचे थेंब पडले तर तो झपाट्याने बिघडतो. बाटली सोबत आणली असेल तर नाव वाचून कागदावर लिहा.

थेंबांबाबत: बाटलीचे तोंड पापणीला लागू देऊ नये. खालची पापणी ओढून एकच थेंब पुरे, कारण त्याहून अधिक तिथे मावत नाही. दोन औषधांमध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत आणि नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून ठेवायला सांगावे. बाहुली मोठी करणारे फिनाइलेफ्रिन असलेले थेंब घालण्यापूर्वी रक्तदाब आणि हृदयविकार यांची चौकशी करावी. बाहुली मोठी करणाऱ्याच ट्रॉपिकामाइडचा परिणाम चार ते सहा तास राहतो, म्हणून रुग्ण स्वतः स्कूटर चालवत आला असेल तर थेंब घालण्यापूर्वीच त्याला तसे सांगावे. लहान मुलाला बाहुली मोठी करणारे अ‍ॅट्रोपिनचे मलम दिले असेल तर चेहरा लाल होणे, तोंड कोरडे पडणे आणि ताप येणे या खुणा आई-वडिलांना सांगून, त्या दिसल्यास मलम थांबवून कळवायला सांगावे.

आणि हात धुणे. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हा आपण सर्वांनीच किती रुग्ण पाहिले हे आठवत असेल. हा विषाणू हातांवरून, टोनोमीटरच्या टोकावरून आणि हनुवटी टेकवण्याच्या पट्टीवरून पसरतो. डोळे आलेल्या रुग्णाचा दाब टोनोमीटर टेकवून मोजूच नये, आणि एरवीही टोक जंतुनाशकात ठेवल्यावर भरपूर पाण्याने धुऊन कोरडे करावे, कारण उरलेले रसायन पुढच्या रुग्णाचे बुबुळ भाजते.

उत्तर ३ : बायोमेट्रीवाला

एक भर घालतो. मोतीबिंदूच्या रुग्णांचे ए-स्कॅन (बसवायच्या भिंगाचा नंबर ठरवण्यासाठी ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजणे) तुमच्याकडे आले की हाच क्रमाचा नियम आणखी कडक होतो. केराटोमीटरचे (बुबुळाची वक्रता मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे बधिर करण्याचे थेंब आणि टोनोमीटर यांच्या आधी घ्यावेत, कारण दोन्हींमुळे बुबुळाचा पृष्ठभाग बिघडतो. रुग्ण कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर लेन्सच्या प्रकारानुसार एक ते तीन-चार आठवडे त्या बंद ठेवून मगच मोजमाप घ्यावे.

ए-स्कॅनच्या स्पर्शाच्या पद्धतीत प्रोबने (डोळ्याला टेकवायच्या कांडीने) बुबुळ किंचितही दाबले तर डोळ्याची लांबी कमी येते. लांबीत १ मिलिमीटरचा फरक पडला तर भिंगाच्या नंबरात साधारण अडीच ते तीन डायऑप्टरचा (नंबर मोजण्याचे एकक) फरक पडतो, आणि लांबी कमी मोजली गेली तर रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर दूरचे धूसर दिसते. लांबी २२ पेक्षा कमी किंवा २५ मिलिमीटरपेक्षा जास्त आली, अथवा दोन डोळ्यांत ०.३ मिलिमीटरपेक्षा अधिक तफावत दिसली, तर मोजमाप पुन्हा घ्यावे आणि शक्य असल्यास दुसऱ्या तंत्रज्ञाकडून घ्यावे. शस्त्रक्रिया एकाच डोळ्याची ठरली असली तरी मोजमाप दोन्हींचे घ्या, नाहीतर तफावत दिसणारच नाही.

कागदावर 'उजवा' किंवा 'डावा' हा शब्द पूर्ण लिहा, खुणा किंवा आद्याक्षरे नकोत, आणि लिहिण्यापूर्वी रुग्णाला स्वतःच्या बोटाने तो डोळा दाखवायला सांगा.