झबली, चित्रं, फोटो आणि बोबडे बोल टिकवायचे आहेत – मदत हवी आहे

मोगरी

नमस्कार मंडळी. घरात दोन मुलं, थोरली साडेचार वर्षांची आणि धाकटा दीड. ठाण्यात तळमजल्यावर राहतो, जूनपासून दसऱ्यापर्यंत भिंती ओल धरतात. मुलांचं जे जे जपावंसं वाटतं ते आत्ता असं पडलंय:

कपडे: दोघांची मिळून दहाएक झबली, टोपडी, दुपटी, आजेसासूबाईंच्या नऊवारीची गोधडी आणि गोटा लावलेली खणाची कुंची. सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्या घालून. दोन पांढऱ्या झबल्यांवर पिवळे डाग उमटलेत, ठेवताना ते नव्हते. पहिल्या वाढदिवसाला कापडावर घेतलेली कुंकवाची पावलंही त्याच पिशवीत घडी घालून आहेत.

फोटो: फोनमध्ये अठरा हजारांच्या वर. फोन भरलाय. निम्मे व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांकडून आलेले.

चित्रं: बालवाडीतली आणि घरातली, वीतभर उंचीचा गठ्ठा. त्यात डाळ-तांदूळ चिकटवलेलीसुद्धा.

आणि आवाज. थोरली 'काका'ला 'ताता' म्हणायची, ते महिन्याभरात गेलं. धाकटा आत्ता बोलायला लागलाय. शिवाय सासूबाई त्याला झोपवताना जी अंगाई म्हणतात ती कुठे लिहिलेली नाही.

रोज हाताशी वेळ फार तर पंधरा मिनिटं. आधी कशाला हात घालू?

सुईदोरा

आधी कपडे, आणि त्यातही डांबरगोळ्या आजच बाहेर. त्या नॅप्थलीनच्या असतात, त्याची वाफ कापडात मुरते. काही बाळांना जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते. अशा बाळाला या गोळ्यांत ठेवलेले कपडे किंवा पांघरूण वापरलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. धाकट्याला त्यातलं काही घालणार असाल तर आधी दोन-तीन दिवस मोकळ्या हवेत टांगा, मग धुवा, मग पुन्हा वारा द्या. वास पूर्ण गेल्याशिवाय अंगाला लावू नका.

पिवळे डाग दुधाचे आणि गुळणीचे आहेत. धुतल्यावर डाग गेला असं डोळ्याला दिसतं, पण प्रथिनं आणि चरबी धाग्यात राहते आणि हवा लागून महिन्यांनी पिवळी पडते. पांढऱ्या सुती कापडासाठी असं करा: आधी गार पाण्यात अर्धा तास. थेट गरम पाणी घातलं तर प्रथिनं धाग्यात आणखी घट्ट बसतात. मग दोन लिटर कोमट पाण्यात, हात सहज बुडवता येईल इतपत गरम, एक मोठा चमचा ऑक्सिजन ब्लीच पावडर पूर्ण विरघळवून त्यात कपडे चार ते सहा तास बुडवून ठेवा. एकदा नाही गेला तर नवं पाणी करून पुन्हा. चोळू नका, जुनं मलमल विरतं. वासाचं, क्लोरीनवालं ब्लीच नको, त्यानं सूत कमजोर होतं. खण, रेशीम, लोकर आणि जर यांना या पाण्याजवळही नेऊ नका.

शेवटी साध्या पाण्यातून तीनदा खळबळून काढा. खळ नको, नीळ नको. खळ म्हणजे पीठच, कसरीला आणि झुरळांना आमंत्रण. सावलीत वाळवा, इस्त्री करा, आणि इस्त्रीनंतर रात्रभर उघड्यावर ठेवून मगच बांधा. इस्त्रीची वाफ घडीत अडकली की बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि ते ठिपके दुधाच्या डागापेक्षा चिवट.

प्लास्टिकची पिशवी टाकून द्या. जुना, स्वच्छ धुतलेला पंचा किंवा मलमलचं धोतर घ्या, त्यात गुंडाळा, मग स्टीलच्या डब्यात. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवरही नको. टिचबटणं गंजतात, म्हणून बटणाच्या दोन्ही भागांमध्ये पांढऱ्या कागदाचा तुकडा घाला. कडक घडी घालायची नाही. घडीच्या आत जुन्या कापडाची सुरळी ठेवली की तिथे चीर पडत नाही. दरवर्षी ऑक्टोबरच्या उन्हात बाहेर काढायचं, वारा द्यायचा, घड्या बदलायच्या.

गोळ्यांऐवजी वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत ठेवा. वास आहे तोवरच त्यांचा उपयोग, सहा महिन्यांनी बदला. पुरचुंडी कापडाला थेट टेकू देऊ नका.

गोधडी धुवायचीच असेल तर मे महिन्यातच. आतले थर वाळायला वेळ लागतो, पावसाळ्याच्या तोंडावर धुतलेली गोधडी आतून कुबट होते. ओली गोधडी दोरीवर टांगू नका, पाण्याच्या वजनानं धावदोऱ्याचे टाके तुटतात. खाटेवर पसरून वाळवा.

आणि कुंकवाची पावलं धुवायची नाहीत. हळदीपासून केलेल्या कुंकवाचा रंग पाण्यात पसरतो आणि उजेडात उडतो. कापड हलकेच तिरकं धरून सुटी पूड झटका, वर बटर पेपर ठेवा, मलमल गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळा आणि अंधारात ठेवा. भिंतीवर फ्रेम लावायची असेल तर त्याचा आत्ताच चांगला फोटो काढून तो लावा.

चौकट

फोटोंबद्दल. अठरा हजार फोटो आवरत बसलात तर दोन दिवसांत सोडून द्याल. म्हणून क्रम असा: आधी सगळ्याची जशीच्या तशी प्रत, मग निवड. एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घ्या. विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालायला हवी असेल तर ती एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करा. केबलनं फोनचं सगळं त्यात उतरवा. पेनड्राइव्हवर भरवसा नको, वर्षानुवर्षं वापराविना पडून राहिला की त्यातली माहिती उडू शकते. हार्ड डिस्कही कायमची नाही, साधारण पाच वर्षांनी नवी घेऊन सगळं त्यात हलवायचं. एकूण प्रती तीन हव्यात: डिस्क, क्लाउड (इंटरनेटवरची साठवण) आणि एक प्रत दुसऱ्या घरात, म्हणजे माहेरी किंवा नणंदेकडे. एकाच कपाटात दोन डिस्क ठेवल्या तर पाणी दोन्हींवर एकदमच येतं.

गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जीबी, तीही जीमेल आणि ड्राइव्हसकट. इथे हमखास होणारी चूक अशी: 'क्लाउडवर गेलंय' म्हणून लोक त्याच अ‍ॅपमधून फोटो उडवतात, आणि मग तो दोन्हीकडून जातो. फोन रिकामा करायचा असेल तर अ‍ॅपमधला 'जागा मोकळी करा' हाच पर्याय वापरा. चुकून उडवलाच तर बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस मिळतो. आणि दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर ते खातं बंद होऊ शकतं, म्हणून 'मुलांच्या नावानं वेगळं खातं' काढणाऱ्यांनी ते मधूनमधून उघडावं.

व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो: तिथून आलेल्या फोटोतून तो कधी आणि कुठे काढला ही माहिती गळून गेलेली असते. नावात तारीख दिसते ती पाठवल्याची. बारशाचे फोटो आत्याने दिवाळीत पाठवले तर फोनच्या लेखी बारसं दिवाळीत झालं. ज्यांच्याकडे मूळ फोटो आहेत त्यांना ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, आकार आणि तारीख दोन्ही शाबूत येतात. हे आजच मागा, माणसं फोन बदलतात.

मग निवड. दर महिन्याचे दहा, वर्षाचे १२०. 'बघून हसणारे' निवडू नका फक्त. उंबऱ्यातल्या छोट्या चपला, ओट्याखालची भांडी काढून बसलेलं पोर, आजोबांच्या पोटावर झोपलेलं बाळ असे ठेवा. मागचं घर, परडी, जुना फ्रिज दिसतोय तो फोटो कापू नका, पुढे तेच शोधाल.

छापताना: ४×६ इंचाला १२००×१८०० पिक्सेल असलेले बरे. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीनं आलेला फोटो लांबीला साधारण १६०० भरतो, म्हणजे ४×६ जेमतेम निघेल, ८×१२ धूसर येईल. दुसरी गंमत म्हणजे फोनचा फोटो ४:३ असतो आणि कागद ३:२. मशीन आपोआप अर्धा इंच कापतं, बहुतेक वेळा आजीचं डोकं. स्टुडिओत 'पांढरी कड ठेवून पूर्ण फोटो बसवा' असं स्पष्ट सांगा.

अल्बम घेताना चिकट पानांचा, वर पातळ प्लास्टिक ओढायचा तसला घेऊ नका. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि फोटो धरून ठेवतो. ज्या अल्बमला नव्या रेनकोटसारखा वास येतो तो पीव्हीसी प्लास्टिकचा, दमट हवेत तो फोटोला चिकटतो. पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या खिशांचा मागा. आधीच चिकटलेला फोटो ओढून काढायच्या फंदात पडू नका, आहे तसा स्कॅन करा. मागे बॉलपेननं दाबून लिहिलं की पुढे उमटतं. पातळ टोकाचं परमनंट पेन वापरा, पाच मिनिटं वाळू द्या. लिहायचं काय, तर कोण कोण, कुठे, कधी. 'आम्ही सगळे' असं लिहिलेला फोटो तीस वर्षांनी कुणाच्याच कामाचा नसतो.

मोगरी

डांबरगोळ्या काढल्या. खूप आभार. आवाजाचं कुणी सांगेल का? आणि चित्रांचं?

खडूपेटी

चित्रं थोडक्यात. लॅमिनेट करू नका. उष्णतेनं मेणखडू वितळतो आणि ते परत सोडवता येत नाही.

डाळ-तांदूळ, मॅकरोनी, पानं चिकटवलेलं सगळं फोटो काढून टाकून द्या. त्यातला एक कागद अख्ख्या गठ्ठ्यात किडे आणतो. बाकीचे खिडकीजवळ, पण थेट ऊन नसताना, जमिनीवर ठेवून बरोबर वरून टिपा. फ्लॅश बंद, कारण मेणखडू चमकतो. स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय पुरे.

महिन्याला एकच मूळ चित्र ठेवा. निवड थोरलीला करू द्या, ती निवडते ते आपण निवडलेल्यापेक्षा वेगळं असतं. मधे बटर पेपर घाला, नाहीतर एकाचा खडू दुसऱ्याच्या पाठीला लागतो. मागे मऊ पेन्सिलीनं तारीख, वय, आणि तिनं सांगितलेलं वर्णन तिच्याच शब्दांत. 'गोल आणि रेघा' या चित्रामागे 'बाबा आंघोळ करतोय, हा साबण' असं लिहिलेलं असलं की ते चित्र जिवंत राहतं. स्केचपेनची चित्रं भिंतीवर फार दिवस नकोत, उजेडानं जातात. सेलोटेप तर नकोच, पिवळी पडते आणि कागद खाते.

कॅसेट

यातली घाईची गोष्ट आवाजच आहे. कपडे चार महिने थांबतील, बोबडे बोल थांबत नाहीत. लहान मुलं घशाजवळचा 'क' आणि 'ग' दाताशी आणतात, म्हणून काका 'ताता' आणि गाडी 'दाडी'. 'र'चा 'ल' बराच काळ टिकतो, रिक्षाची 'लिक्शा'. थोरलीचा 'र' अजून 'ल' असेल तर तो या आठवड्यात पकडा.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज करून ठेवू नका, तो फार दाबलेला असतो आणि चॅटबरोबर जातो. फोनमधलं रेकॉर्डर अ‍ॅप घ्या, दर्जा सर्वांत वरचा ठेवा. एम-फोर-ए प्रकारची फाइल चालेल, मिनिटाला साधारण एक एमबी. फोन विमान मोडवर टाका, तोंडापासून वीतभर लांब, दुमडलेल्या रुमालावर ठेवा. थेट टेबलावर ठेवला तर टेबलावरचा प्रत्येक ठोका रेकॉर्ड होतो. पंखा बंद, कुकर उतरलेला. स्वयंपाकघर आणि मोकळी खोली घुमते. गाद्या, पडदे, कपाट असलेली खोली चांगली.

'म्हणून दाखव ना' म्हटलं की मूल गप्प होतं किंवा बरोबर म्हणायला जातं. त्यापेक्षा हातात काहीतरी द्या, शेंगा सोलायला, खेळण्यातली भांडी लावायला, आणि विचारा: आज डब्यात काय होतं? मग मनीनं काय केलं? त्याचे उच्चार सुधारायचे नाहीत. तीन ते पाच मिनिटं पुरतात, पण दोन महिन्यांतून एकदा व्हायला हवं. आपला आवाजही असू द्या. पुढे मुलं स्वतःपेक्षा तरुण आईचा आवाज जास्त लक्ष देऊन ऐकतात.

फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमानं: '२०२५-०६-१४ थोरली शेंगा सोलताना'. या क्रमामुळे यादी आपोआप कालानुसार लागते. सोबत एक वही करा, तीन रकाने: शब्द, अर्थ, वय. 'भूभू'चा अर्थ एका घरात कुत्रा, दुसऱ्या घरात झाडून सगळे चार पायांचे प्राणी. वहीत नसेल तर पाच वर्षांनी रेकॉर्डिंग ऐकून घरच्यांनाही ते कळत नाही.

सासूबाईंच्या अंगाईचं दोनदा करा. एकदा दुपारी, बाळाशिवाय, शांत बसून, म्हणजे शब्द स्वच्छ मिळतात. लगेच त्यांच्यासमोर लिहून काढा. अडलेला शब्द विचारा, पण सुधारू नका. ही ओळ कुणाकडून आली, माहेरची की सासरची, तेही लिहा. दुसऱ्यांदा रात्री, खरोखर झोपवताना. फोन पाळण्याच्या कडीपासून दूर, त्यांच्या उशाशी. यात शब्द पुसट येतील, पण थोपटण्याचा ठेका, मधला 'हं' आणि बाळाची कुरकुर कमी होत जाणं फक्त यातच येतं. मूल झोपल्यावरही दोन मिनिटं चालू राहू द्या.

मोगरी

उद्या दुपारी विचारते त्यांना. एक राहिलं: कुंचीचा गोटा एका बाजूनं काळा पडतोय. चिंच किंवा टूथपेस्टनं घासला तर?

सुईदोरा

नको. आजकालचा बहुतेक गोटा वरवर मुलामा दिलेला असतो, घासलं की चमक उठून खालचं तांबं किंवा प्लास्टिक दिसतं. आणि आंबट पाणी खणात झिरपलं तर रंग फुटेल. एका बाजूनंच काळा पडतोय म्हणजे त्या बाजूला काय टेकलंय ते बघा. बहुधा इलॅस्टिकचं टोपडं किंवा चड्डी असेल. रबरात गंधक असतं, त्यानं धातू काळवंडतो. इलॅस्टिकचे कपडे वेगळ्या डब्यात हलवा. कुंची कोरड्या मऊ ब्रशनं झटका, गोट्यावर मलमलची पट्टी ठेवा आणि टोपीच्या आत कापडाचा सैल बोळा भरून, न दाबता, सगळ्यांत वर ठेवा. जेवढा काळा झालाय तेवढा राहील, पण पुढे पसरणार नाही.