स्टुटगार्ट सर्ज: 0-12 वरून 10-2, एका वर्षात नेमकं काय बदललं?

मंगळवारपेठकर:
युरोपियन लीग ऑफ फुटबॉल (आपला नव्हे, अमेरिकन फुटबॉल) मधल्या स्टुटगार्ट सर्जचे हंगाम शेजारी शेजारी मांडतोय. 2022 मध्ये बाराच्या बारा सामने हरले. 2023 मध्ये त्याच संघानं 10 जिंकले, 2 हरले आणि थेट फायनल गाठली. 2025 ला व्हिएन्ना व्हायकिंग्जला 24-17 हरवून विजेतेपद, तेही घरच्या शहरात. हे सगळं अमेरिकन खेळाडूंमुळं झालं का? कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर एखाद्या तालमीनं (आपल्याकडचा फुटबॉल संघ) दोन तगडे परदेशी उतरवले की लीगचा रंग फिरतो, तसं? आणि सामनावार नोंद ठेवायची तर काय टिपायचं? मी नुसते यार्ड (चेंडू किती पुढं नेला ते) मोजले तर बऱ्याचदा हरलेलाच संघ भारी दिसतोय.

रंकाळा_किनारा:
अमेरिकन खेळाडू हे अर्धंच उत्तर, कारण ते सगळ्यांकडं असतात. या हंगामांत नियमच होता, प्रत्येक संघाला चार अमेरिकन, आणि एका वेळी मैदानात फक्त दोन. मग विभागणी जवळजवळ ठरलेलीच: आक्रमणात एक क्वार्टरबॅक (चाल ठरवून पास फेकणारा) आणि त्याच्या जोडीला रिसीव्हर (पास झेलणारा) किंवा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा), उरलेले दोघं बचावात. म्हणजे मैदानावरच्या अकरांपैकी नऊ जण स्थानिक किंवा युरोपातले इतर. क्वार्टरबॅक कितीही भारी असू दे, त्याच्यापुढं त्याला राखणारे पाच लाइनमन अडीच सेकंदांत फुटले तर तो चेंडू हातात घेऊनच आडवा होतो. ते पाचही जण बहुतेक संघांत तिथलेच असतात.

म्हणून 2023 च्या सर्जमध्ये बघायचं ते हे. जॉर्डन न्यूमन हे प्रशिक्षक स्टुटगार्टजवळच्याच श्वेबिश हॉल युनिकॉर्न्समधून आले. युनिकॉर्न्सनी 2022 चा जर्मन बोल (जर्मन अजिंक्यपदाची फायनल) जिंकला होता. त्यांच्या मागोमाग तिथले खेळाडूही आले. एकमेकांचे इशारे माहीत असलेली, एकाच पद्धतीनं खेळलेली माणसं आयती मिळाली. त्यावर रायली हेनेसीसारखा क्वार्टरबॅक. क्रम उलटा असता, म्हणजे आधी हेनेसी आणि पुढं कच्ची लाइन, तर 10-2 झालं नसतं असं माझं मत.

तालमीची तुलना निम्मी बरोबर आहे. आपल्याकडं एक स्ट्रायकर एकटा सामना काढतो. इथं चेंडू मागं सरकवणाऱ्या सेंटरचा हात जरा चुकला तरी पूर्ण डाव बोंबलतो.

सोळायार्ड:
वरच्या उत्तरात गटांचा मुद्दा राहिला, आणि तो मोठा आहे. 2022 मध्ये सर्जच्या गटात फ्रँकफर्ट गॅलक्सी (आदल्या वर्षीचे विजेते), ऱ्हाइन फायर आणि कोलोन सेंच्युरियन्स. 2023 ला लीग 12 वरून 17 संघांची झाली, गट बदलले. सर्जच्या वाट्याला रेडर्स टिरोल, बार्सिलोना ड्रॅगन्स, म्युनिक रेव्हन्स, हेल्व्हेटिक गार्ड्स आणि मिलानो सीमेन. यातले शेवटचे तिघं लीगमध्ये पहिल्यांदाच उतरलेले. गटातल्या संघाशी दोनदा गाठ पडायची हे धरून हिशोब कर. सर्ज सुधारले यात वाद नाही, पण 0-12 आणि 10-2 हे एकाच तराजूत तोलू नकोस.

त्या वर्षीची फायनल ड्यूसबुर्गला. ऱ्हाइन फायर 53, सर्ज 34. फायर त्या हंगामात एकही सामना हरले नाहीत.

आणखी एक: लायपझिग किंग्जनं 2023 चा हंगाम चालू असतानाच पैशाअभावी माघार घेतली. त्यांचे न झालेले सामने सरासरीत धरशील तर गुणफरक बिघडेल. प्रत्यक्ष खेळलेलेच सामने घे.

रंकाळा_किनारा:
नोंदीचं राहिलंच. यार्ड फसवतात, कारण 20 गुणांनी मागं पडलेला संघ शेवटच्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चौथ्या भागात) पासच फेकत सुटतो आणि आघाडीवरचा संघ वेळ खाण्यासाठी त्याला छोटे पास देतो. यार्ड वाढतात, सामना हललेला नसतो. वहीत प्रत्येक सामन्याला एवढंच लिही: क्वार्टरवार गुण, टर्नओव्हर (चेंडू समोरच्यांकडं जाणं: इंटरसेप्शन म्हणजे त्यांनी झेललेला पास, आणि हातातून निसटून गमावलेले फम्बल), तिसऱ्या डाऊनला (10 यार्ड पुढं जायला मिळणाऱ्या चार संधींपैकी तिसरी) किती वेळा प्रयत्न आणि किती यशस्वी, सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं), पेनल्टीचे यार्ड. आणि शेवटी, ठळक अक्षरात, क्वार्टरबॅक कोण होता. पहिला जखमी झाला की बदली खेळाडू बहुधा स्थानिक असतो. नवा अमेरिकन आणला तरी व्हिसा, विमान आणि अख्खं प्लेबुक (संघाच्या चालींची वही) पाठ होईपर्यंत दोन-तीन सामने हातचे जातात. 12 सामन्यांच्या हंगामात तेवढ्यात प्लेऑफ निसटतं.

फरक 8 किंवा कमी असेल त्या सामन्यांवर खूण कर. टचडाऊनचे (चेंडू गोलरेषेपलीकडं नेल्याचे) 6 आणि त्यानंतरच्या जादा प्रयत्नाचे 2 मिळून एका आक्रमणात भरून निघणारा फरक तो. असे सामने जिंकून वर आलेला संघ पुढच्या वर्षी बऱ्याचदा घसरतो.

मंगळवारपेठकर:
हे भारी. किकरचा रकाना वेगळा ठेवू का?

सोळायार्ड:
ठेवच. 2021 ची पहिली फायनल फ्रँकफर्टनं हॅम्बुर्ग सी डेव्हिल्सवर 32-30 अशी काढली. दोन गुण, म्हणजे एका फील्ड गोलपेक्षाही (किक खांबांमधून मारल्याचे 3 गुण) कमी. चुकलेल्या किक कितव्या यार्डवरून होत्या तेही लिही. फील्ड गोलचं अंतर मोजताना चेंडू गोलरेषेपासून जितक्या यार्डांवर होता त्यात साधारण 17 यार्ड मिळव: 10 एंडझोनचे (गोलरेषेमागचा पट्टा), 7 किक मारायला मागं ठेवतात ते. मैदान एंडझोनसह 120 यार्ड, म्हणजे 109.7 मीटर. आपल्या फुटबॉलचं मैदान 105 च्या आसपास. त्यामुळं युरोपातल्या काही स्टेडियमवर एंडझोन आखूड आखावा लागायचा. तिथं 17 चा आकडा चालत नाही, रेषा मोजून घे.

वेळ: उन्हाळ्यात जर्मनीत दुपारी 1 ला किकऑफ असेल तर आपल्याकडं साडेचार. पाऊस लागून शाहू स्टेडियम बंद झालं की तुझ्याकडं रविवार मोकळाच असतोय.