वाशीतलं कोरियन बार्बेक्यू: दोघांचे ३,४०० रुपये पटतात का?

सीवूडकर: शनिवारी बायकोबरोबर वाशीतल्या एका कोरियन बार्बेक्यूत गेलो. एक प्लेट पोर्क बेली, एक चिकन, भात, दोन कोल्ड्रिंक. बिल ३,४००, त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज. आणि मांस भाजलं कोणी? मी! वेटर कच्ची प्लेट टेबलावर ठेवून, हातात चिमटा-कात्री देऊन गायब. किमची, म्हणजे आंबवलेला तिखट कोबी, दुसऱ्यांदा मागितली तर तिचे वेगळे पैसे. चव चांगली होती, नाही म्हणणार नाही. पण एवढ्यात मालवणी खानावळीत चौघं सुरमई थाळी खाऊन, वर सोलकढी पिऊन येतात.

खारघरवाला: अहो, थाळी वीस मिनिटांत संपते. इथे तुम्ही दोन तास टेबल अडवून बसलात. प्रत्येक टेबलाला शेगडी, वर धूर ओढणारी नळी. वाशीतलं भाडं माहीत आहे ना? आणि स्वतः भाजायचं नव्हतं तर गेलातच कशाला?

घोडबंदरकर: दोघांचंही अर्धं पटलं. कामानिमित्त सोलला जाणं होतं, म्हणून सांगतो. तिथेही मांस बहुतेक ठिकाणी आपणच भाजतो, ती तक्रार सोडा. पण किमची आणि बाकीच्या छोट्या वाट्या बहुधा फुकट, आणि संपल्या की पुन्हा मिळतात. त्यांचे पैसे लावणं म्हणजे उडप्याने सांबाराचं बिल करण्यासारखं. दुसरं, तवा बघा. पोर्क बेलीचा तवा जरा तिरका असतो. चरबी ओघळत खालच्या कडेला येते, तिथे किमची पसरायची. ती कडांना करपून लालभडक झाली की मांसाच्या तुकड्याबरोबर लेट्यूसच्या पानात गुंडाळून एका घासात तोंडात. सपाट इलेक्ट्रिक तव्यावर हे होत नाही. तसा तवा असेल तर मी सरळ उठतो.

नेरूळची सुगरण: सोया सॉस, लसूण, तिळाचं तेल, किसलेलं पेअर. चिकन दोन तास मुरवा, बिडाच्या तव्यावर टाका. कशाला हवेत ३,४००?

खारघरवाला: ताई, चिकन ठीक. पोर्क बेली फ्लॅटमध्ये भाजून बघा, चरबीचा धूर सातव्या मजल्यापर्यंत जातो. सेक्रेटरी हजर!

घोडबंदरकर: सीवूडकर, प्लेटमध्ये किती ग्रॅम होतं? सोलमध्ये पोर्कची एक प्लेट साधारण १५० ते २०० ग्रॅमची. आपल्याकडे मेन्यूवर वजनच नसतं, भावाचा अंदाज लावायचा कशावर? आणि सर्व्हिस चार्ज परस्पर बिलात घालता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. काढायला सांगा, नाही ऐकलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार.

खारघरवाला: काढला तरी तीनेकशे रुपये वाचले. तेवढ्याने पटणार का यांना?

सीवूडकर: नाही. किमची फुकट करायला सांगा, मग बघू.