श्वसन की श्वासोच्छ्वास?

कोशवाचक
पदवीच्या पहिल्या वर्षासाठी जीवशास्त्राची टिपणं मराठीत करतोय. एक वाक्य असं होतं: 'ऑक्सिजन नसेल तेव्हा काही जीवाणू नायट्रेट वापरून श्वसन करतात.' मुद्रितं तपासणाऱ्यांनी प्रकरणभर 'श्वसन' खोडून 'श्वासोच्छ्वास' केलं. म्हणाले, श्वसन पुस्तकी आहे, मुलांना श्वासोच्छ्वास लगेच कळतो. आता 'बटाट्याच्या पेशी श्वासोच्छ्वास करतात' असं छापून जायची वेळ आलीय. मला ते पटत नाही, पण दोन्ही शब्द एकाच धातूचे असताना फरक कशाच्या आधारावर करायचा?

प्रयोगवही
कृपा करून तसं छापू देऊ नका. श्वासोच्छ्वास म्हणजे हवा आत घेणं आणि बाहेर सोडणं. त्यात श्वासपटल खाली-वर होतं, बरगड्या हलतात. श्वसन म्हणजे अन्नाचे रेणू टप्प्याटप्प्यानं मोडून त्यातली ऊर्जा एटीपी या ऊर्जा वाहणाऱ्या रेणूच्या रूपात वापरायला मोकळी करणं. गांडुळाला फुप्फुसं नाहीत, ओल्या त्वचेतून ऑक्सिजन आत झिरपतो. त्याचा श्वासोच्छ्वास तुम्हाला दाखवता येणार नाही, श्वसन मात्र प्रत्येक पेशीत चालू आहे.

हा घोळ वरवरचा नाही. 'झाडे दिवसा प्रकाशसंश्लेषण व रात्री श्वसन करतात' हे उत्तर मी दरवर्षी तपासते. श्वसन अहोरात्र चालतं. भर उन्हात प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असतो, म्हणून झाड एकंदरीत ऑक्सिजन बाहेर टाकताना दिसतं, इतकंच. मुलांच्या डोक्यात श्वसन म्हणजे नाकानं घेतलेला वायू, तोही एका वेळी एकच, असं बसलेलं असतं. त्यात आपणच श्वासोच्छ्वास लिहिला तर काय उरलं?

धातुपाठ
ताई, शास्त्र मान्य, पण शब्दाच्या बाजूनं बघा. श्वस् म्हणजे श्वास घेणे. 'श्वसन'मध्येही श्वासच आहे. श्वास अधिक उच्छ्वास ही जोडी मराठीत 'आत' आणि 'बाहेर' अशी पक्की झाली. योगसूत्रांत त्या जागी 'श्वासप्रश्वास' आहे. म्हणजे पेशीला श्वसन लावणं हीसुद्धा ओढाताणच. माझ्या मते 'पेशीय ऊर्जामोचन' असा स्वच्छ शब्द घडवावा.

रोजची_मराठी
नका हो! ऑक्सिश्वसन (ऑक्सिजन वापरून), विनॉक्सिश्वसन (ऑक्सिजनविना) हे शब्द मुलं शाळेतून घेऊन येतात. महाविद्यालयात येताच ऊर्जामोचन शिकवलं तर तो पूलच तोडल्यासारखं होईल. शब्द मुळाशी बांधलेला नसतो, वापराशी असतो. इंग्रजीतला 'रेस्पिरेशन' हा लॅटिनमधला शब्दही श्वासावरूनच आला आणि तिकडे कुणी तो बदलत बसलं नाही.

प्रयोगवही
याच्याशी सहमत. आणि वर्गात एक उदाहरण हमखास काम करतं: माणसाची पक्व तांबडी रक्तपेशी. तिच्यात केंद्रक नाही, ऑक्सिजन वापरून ऊर्जा मोकळी करणाऱ्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) नाहीत. आयुष्यभर ती ऑक्सिजन वाहते, पण स्वतःच्या ऊर्जेसाठी तो वापरत नाही. नुसतं ग्लुकोजचं विघटन करून भागवते. श्वासाशी सगळ्यात जवळचं नातं असलेली पेशीच ऑक्सिश्वसन करत नाही, हे ऐकलं की दोन शब्द वेगळे का हवेत ते आपोआप कळतं.

हिंदीतून_मराठीत
मला तर 'पेशी' याच शब्दानं पहिलं वर्ष छळलं. बारावीपर्यंत हिंदी माध्यम. तिथे पेशी म्हणजे मांसपेशी, आणि तुमची पेशी म्हणजे कोशिका. वर 'स्नायू' तिकडे मज्जातंतूंसाठी वापरलेला पाहिला होता. त्यामुळे 'स्नायुपेशी' वाचून मी भलतंच समजत होतो.

धातुपाठ
सुश्रुतसंहितेत शरीरातल्या पेशी 500 आणि स्नायू 900 मोजले आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचा पिंड आणि स्नायू म्हणजे बांधणारे तंतू. तेव्हा हिंदीतली पेशी मुळाला जास्त धरून आहे. रॉबर्ट हूकनं 1665 मध्ये बुचाच्या कापात पाहिले ते रिकामे कप्पे होते, त्यासाठी 'कोशिका'च चपखल. मराठी विश्वकोशानंही कोशिका स्वीकारला आहे.

रोजची_मराठी
विश्वकोशानं स्वीकारला, लोकांनी नाही. पांढऱ्या पेशी कमी झाल्या, कर्कपेशी वाढल्या, असंच घराघरांत बोलतात. आणि हूकनं पाहिल्या त्या मेलेल्या भिंती होत्या. आतला जिवंत ऐवज कळल्यावर 'कप्पा' हे नाव तरी कुठे नेमकं राहिलं?

कोशवाचक
चर्चा छान चालली आहे, पण मला मुद्रितं परत करायची आहेत. नायट्रेटच्या वाक्यात 'विनॉक्सिश्वसन' लिहिलं तर चालेल का? कारण पुढच्याच परिच्छेदात यीस्टलाही तोच शब्द आहे.

प्रयोगवही
नायट्रेटला चालेल. तिथे इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे देत जाणारी साखळी असते, फक्त शेवटी ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट येतं. यीस्ट ऑक्सिजनविना मद्यार्क बनवतं तेव्हा ती साखळी वापरत नाही, ते किण्वन, म्हणजे आंबवणं. शालेय पुस्तकं दोन्ही एकाच नावाखाली घालतात. पदवीला वेगळं करायलाच हवं.

रोजची_मराठी
म्हणजे शाळेत शिकलेला शब्द पुन्हा बदलायचा?

प्रयोगवही
शब्द तोच ठेवायचा, त्याची हद्द आखायची.

धातुपाठ
हद्दीचंच म्हणाल तर 'गुणसूत्र' (क्रोमोसोम) आधी घ्या. 1888 मध्ये वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञानं नाव दिलं ते रंगावरून, कारण ते धागे रंजक शोषून घेतात. 'रंगसूत्र' म्हटलं की सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं ते कळतं. 'गुणसूत्र'मध्ये नंतरचं ज्ञान घुसवलंय.

हिंदीतून_मराठीत
पण मला 'गुणसूत्र'नंच कळलं की गुण त्यावरून पुढच्या पिढीत जातात. रंगसूत्र वाचून मला डोळ्यांचा रंग वगैरे वाटलं असतं.

धातुपाठ
मग 'तंतुकणिका' का चालते? 1898 मध्ये बेंडा या जर्मन शास्त्रज्ञानं दिलेलं नाव धागा आणि कण यांवरूनच होतं, नि मराठीत ते जसंच्या तसं घेतलं. तिथे कुणाला 'ऊर्जाकणिका' सुचली नाही!

रोजची_मराठी
सुचली असती तर तुम्हीच आधी हरकत घेतली असती.