बाटलीतल्या प्रिझर्व्हेटिव्हचेही पाहावे

डोळ्यांच्या कोरडेपणावर घालायचे कृत्रिम अश्रूंचे थेंब म्हणजे औषध नव्हे, ते दिवसातून कितीही वेळा घातले तरी चालतात, हे मत मला अर्धेच पटते. डोळा ओलसर ठेवणारा कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोजसारखा मूळ घटक सहसा निरुपद्रवीच असतो. प्रश्न असतो तो उघडलेल्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून मिसळलेल्या प्रिझर्व्हेटिव्हचा. त्यांपैकी सर्रास आढळणारे बेंझाल्कोनियम क्लोराइड साबणासारखे वागते, म्हणजे अश्रूंवरचा तेलकट थर विस्कटते आणि वारंवार वापरल्यास कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या) पेशींना इजा करते. म्हणूनच दिवसातून ४ पेक्षा अधिक वेळा थेंब लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब घेण्याचा सल्ला दिला जातो.

संगणकावरील कामामुळे मी वर्षभर दिवसाला ८-१० वेळा थेंब घालत होतो, आणि जळजळ वाढली की आणखी एक. डॉक्टरांनी डोळ्यांआधी बाटलीच मागून घेतली व वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचली. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या, एकदा वापरून टाकून द्यायच्या छोट्या कुप्या सुरू केल्यावर महिन्याभरात फरक जाणवला, खर्च मात्र बराच वाढला. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बेंझाल्कोनियम क्लोराइड शोषून घेतात, त्यामुळे असे थेंब घालण्यापूर्वी लेन्स काढून ठेवाव्यात आणि निदान १५ मिनिटांनी पुन्हा लावाव्यात.