मित्राच्या लग्नात 'बेस्ट मॅन' व्हायचंय, बडोद्यात. सल्ला हवा

सूरसागरवाला: मंडळी, मदत करा. शाळेपासूनचा मित्र, दांडिया बाजारातलं पक्कं मराठी घर. मुलगी गोव्याची कॅथलिक, पण वाढली इथेच, फतेगंजला. जानेवारीअखेर चर्चमध्ये लग्न, दुसऱ्या दिवशी हॉलवर 'आपल्या पद्धतीनं थोडंसं'. मला बेस्ट मॅन केलंय. आपल्याकडे नवरदेवाच्या मित्राला बूट सांभाळायचे आणि वरातीत नाचायचं, एवढंच ठाऊक. इथे अंगठ्या, सह्या, भाषण असं बरंच कानावर येतंय. मी ख्रिश्चन नाही, चालेल का? भाषणाची तर धास्तीच आहे.

माहेर_मडगाव: चालतं. लग्नाला फादर आणि दोन साक्षीदार लागतात, साक्षीदार कॅथलिकच हवा असं नाही. तरी आधी एकदा फादरना भेटून ये. मुलाचा बाप्तिस्मा झालेला नाही म्हणजे बिशपांची परवानगी लागते आणि बहुतेक मिस्साशिवायचा (चर्चमधल्या पूर्ण प्रार्थनाविधीशिवायचा) आटोपशीर विधी होतो. वेदीकडे तोंड केलं की उजवी बाजू नवऱ्याची. तू त्याच्याशेजारी उभा राहा. लोक उठले की ऊठ, बसले की बस. शेवटी रजिस्टरवर सही.

आणि ते 'थोडंसं' म्हणजे नक्की काय, ते फादरना आत्ताच सांगा. एकाच लग्नाचा दुसरा धार्मिक विधी चर्चच्या नियमात बसत नाही. जेवणावळ, उखाणे, ओटी भरणं याला कोण कशाला नाही म्हणेल? पण पत्रिकेवर मंगलाष्टकांचा मुहूर्त छापून आला की परवानगी देणाऱ्यांची पंचाईत होते. मित्राला आईपुढे हे बोलवत नसेल तर तू बोल. माझ्या मते बेस्ट मॅनचं खरं काम हेच.

रावपुरा_कट्टा: नवीन कोटाचे खिसे शिंप्यानं टाका घालून बंद ठेवलेले असतात. आदल्या रात्री ब्लेडनं उसव. आमच्याकडचा एक जण चर्चच्या दारात उभा राहून दातांनी दोरा तोडत होता. अंगठ्या आतल्या खिशात, डबीशिवाय ठेव. डबीचा फुगवटा फोटोत दिसतो आणि ऐन वेळी ती उघडत नाही. नवऱ्याचा मोबाइल सकाळपासून तुझ्याकडे. केटररचे, मंडपवाल्याचे, हरवलेल्या आतेभावाचे सगळे फोन तू घ्यायचे.

सूरसागरवाला: आणि टोस्ट, म्हणजे ते पेला उंचावून शुभेच्छा देणं? गुजरातमध्ये टोस्ट करायचा तरी कशानं?

माहेर_मडगाव: द्राक्षाचा रस, कोकम, काहीही. दारूबंदीचा कायदा 1949 चा आहे, लग्नघर म्हणून सवलत नाही. मुलीचे काका 'दमणहून दोन बाटल्या आणतो' म्हणाले तर हात जोडून नको म्हण. आणि आधी विचारून घे, टोस्ट तूच करायचा आहेस का? आमच्याकडे बऱ्याचदा तो घरातला वडीलधारा माणूस करतो. मग तुझं भाषण वेगळं, नाहीतर नाहीच.

मांडवीची_मावशी: जानेवारीअखेर बरी निवडलीत हो. उत्तरायणाबरोबर कमूर्तां, म्हणजे गुजरात्यांचा लग्नाला वर्ज्य काळ, संपतात आणि चर्चचा उपवासकाळही तेव्हा लागलेला नसतो. पण गुजराती लग्नंही सगळी तेव्हाच, हॉल आणि फोटोवाला आजच धरा. डीजे रात्री दहाला बंद, हे नाचणाऱ्यांना आधीच बजावून ठेव.

बॅचलर पार्टीचं खूळ सोड. मित्रांनी मिळून केळवण करा, दोघांनाही बोलवा. पाटावर बसवा, रांगोळी काढा, उखाणा घ्यायला लावा. मुलीला आपली माणसं लग्नाआधी ओळखीची झाली की हॉलवर ती बावरत नाही. रात्री उशिरा शेव-उसळ खायला जा हवं तर, तिखट बेतानं घाला म्हणावं.

रावपुरा_कट्टा: भाषण तीन मिनिटं, त्यापुढे लोक जेवणाकडे बघतात. कॉलेजातल्या जुन्या मैत्रिणींचा विषय नको. त्याचा एकच किस्सा सांग, पण तो नवऱ्या मुलीच्या आजीलाही कळला पाहिजे. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, मध्ये एक गुजराती टोला. पाठ करू नकोस, कार्डावर चार शब्द लिही.

सूरसागरवाला: त्याच्या मुंजीत त्यानं भिक्षावळीतले लाडू मोजून परत मागितले होते. हा चालेल?

माहेर_मडगाव: पळेल! फक्त भिक्षावळ म्हणजे काय ते एका वाक्यात सांग आणि शेवटी आजीकडे बघून 'देव बरें करूं' म्हण, कोकणीतलं धन्यवाद. उच्चार तिच्या नातवंडांकडून घोकून घे.

मांडवीची_मावशी: आणि हॉलवर बूट सांभाळायचेच आहेत, ते सुटलेलं नाही. करवल्यांना गोव्याच्या मैत्रिणींची कुमक मिळणार.